‘एका शब्दाला ४० रुपये’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला. त्या शनिवारी स्पॅनिशचा क्लास २० मिनिटं उशिरा सुरू झाला हे खरं आहे. आधीची बॅच लांबली आणि तुम्ही सगळे जिन्यात ताटकळलात. त्याबद्दल मनापासून माफी मागते.

पण पुढे तुम्ही हिशोब मांडलाय: तासाला २४० रुपये, दोन तासांचे ४८०, भावनांचे शब्द शिकवले १२, म्हणजे एका शब्दाला ४० रुपये, आणि हेच फोनवरच्या अ‍ॅपमध्ये दहा मिनिटांत फुकट होतं. एक तारा दिलात त्यापेक्षा हे जास्त लागलं.

फळ्यावर शब्द १२ होते, कबूल. पण त्यातला एकच घ्या, ‘ओर्गुयोसो’. स्पॅनिशमध्ये ‘असणे’साठी दोन क्रियापदं, ‘एस्तार’ आणि ‘सेर’. ‘एस्तार’बरोबर आला तर अभिमान वाटतोय, ‘सेर’बरोबर आला तर माणूस गर्विष्ठ. लेकीच्या निकालाचं कौतुक सांगायला जावं आणि आपणच घमेंडखोर ठरावं! ‘आबुर्रिदो’चंही तसंच. ‘एस्तार’ असेल तर मला कंटाळा आलाय, ‘सेर’ असेल तर मीच कंटाळवाणा. बोलणारी बाई असेल तर शेवटचा ‘ओ’ जाऊन ‘आ’ येतो, ‘त्रिस्ते’ म्हणजे दुःखी, तो मात्र दोघांनाही तोच. हे यादी पाठ करून येत नाही, चारदा चुकून येतं, आणि त्या चुकांसाठीच मी वेळ ठेवते. ‘देले’ या स्पॅनिश भाषेच्या परीक्षेच्या तोंडी भागातही कुणी यादी म्हणून दाखवायला सांगत नाही, समोर बसवून बोलायला लावतात.

मग भीती. ‘तेन्गो मिएदो’, म्हणजे शब्दशः माझ्याकडे भीती आहे. किंवा ‘मे दा मिएदो’, अमुक गोष्ट मला भीती देते. इथे मी मुद्दाम रेंगाळले, कारण इंग्रजीच्या वाटेने गेलं की हे अवघड वाटतं आणि मराठीतून गेलं की घरचं वाटतं. आपण ‘मला आवडतं’ म्हणतो, ते म्हणतात ‘मे गुस्ता’. आवडणारी गोष्ट कर्ता, आपण नुसते ‘मला’. गेली ११ वर्षं मी हा धडा मराठीतूनच शिकवतेय. त्याला ‘टाइमपास’ म्हटलेलं वाचून रात्रभर झोप लागली नाही.

इंग्रजीवरून अंदाज बांधून ‘एम्बारासादा’ म्हणाल, तर ओशाळलेली नव्हे, गरोदर बाई होते. आणि ‘पेना’ स्पेनमध्ये दुःख किंवा हळहळ, मेक्सिकोत मात्र लाज, संकोच. प्रवेश घेताना तुम्ही मेक्सिकोच्या लोकांशी काम पडतं म्हणाला होतात, म्हणून हा शब्द मी खास तुमच्यासाठी घेतला होता. तो घेतला तेव्हा तुम्ही ऑफिसच्या फोनवर गॅलरीत होतात. सव्वासातला बाहेर गेलात, आत आलात तेव्हा पावणेआठ झाले होते. हे चारचौघांत लिहायचं नव्हतं. पण माझी २० मिनिटं तुम्ही मोजलीत, तर हीसुद्धा मोजायला हवीत.

फीबद्दल एवढंच सांगते की तीन वर्षांत ती वाढवलेली नाही. जागेचं भाडं दरवर्षी वाढतं, तरी एका बॅचला आठच जण घेते, प्रत्येकाला बोलायला मिळावं म्हणून. तुमचा अभिप्राय वाचून काल चौकशीला येणाऱ्या एका ताईंनी येणं रद्द केलं. हा क्लासच माझी रोजीरोटी आहे, सर.

वेळेचं मी बघते. दोन बॅचमध्ये थोडं अंतर ठेवता येतं का ते पाहतेय, शब्दांची छापील यादी आधी द्यायचाही विचार आहे. तुमचे अजून १४ तास बाकी आहेत. येत्या शनिवारी थोडे आधी आलात तर ‘पेना’ आणि त्याच्या पुढचं सगळं पुन्हा घेईन, त्याचे वेगळे पैसे नाहीत.