‘ओढले गेले’ म्हणजे नेमकं कोणी ओढलं?

पहिल्या महायुद्धाबद्दल एक मजकूर सतत फिरत असतो. थोड्याफार फरकानं तो असा: “युरोपात दोन गट होते आणि सगळे देश तहांनी एकमेकांशी बांधलेले होते. साराजेव्होत एक गोळी सुटली आणि एकामागून एक देश आपोआप ओढले गेले. युद्ध कोणालाच नको होतं. दोन्ही गट एकदिलानं लढले. कुठल्याच गटात नसते, तर सगळे वाचले असते.” वाचायला सोपं, लक्षात राहणारं. पण यातलं एकेक वाक्य तारखांशी ताडून पाहिलं की डळमळायला लागतं. आणि ही चूक निरुपद्रवीही नाही. ‘ओढले गेले’ म्हटलं, की ज्यांनी निर्णय घेतले ती माणसंच वाक्यातून नाहीशी होतात.

‘तहांनी बांधलेले’ या दोन शब्दांवर सगळा डोलारा उभा आहे, म्हणून आधी ते बघू. १८८२ च्या त्रिराष्ट्र करारात जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी आणि इटली होते. १९१४ च्या ऑगस्टमध्ये इटलीनं तटस्थता जाहीर केली. करार बचावासाठी आहे, इथे सर्बियावर हल्ला ऑस्ट्रियानं केलाय आणि आम्हाला विचारलंही नाही, असं तिचं म्हणणं होतं. पुढे एप्रिल १९१५ मध्ये लंडनला गुप्त करार करून तिनं समोरच्या, म्हणजे ब्रिटन-फ्रान्स-रशियाच्या गटाकडून ट्रिएस्ट आणि दक्षिण टायरॉलचं आश्वासन मिळवलं आणि २३ मे रोजी ऑस्ट्रियाविरुद्धच युद्ध पुकारलं. रुमानियाचंही तेच. १८८३ पासून तिचा ऑस्ट्रियाशी गुप्त करार होता, राजा करोल स्वतः जर्मन राजघराण्यातला. तरी १९१४ मध्ये रुमानिया बाहेर राहिली आणि १९१६ मध्ये विरुद्ध बाजूनं उतरली.

आता दुसरी बाजू. ब्रिटनचा फ्रान्सशी १९०४ चा समझोता प्रामुख्यानं इजिप्त आणि मोरोक्कोबद्दल होता. रशियाशी १९०७ चा समझोता इराण, अफगाणिस्तान आणि तिबेटबद्दल. युद्धात मदतीला धावून येण्याचं कलम दोन्हींत नव्हतं. म्हणूनच २ ऑगस्टपर्यंत ब्रिटिश मंत्रिमंडळात फूट होती आणि शेवटी दोन मंत्र्यांनी राजीनामे दिले. करारानं हात खरोखर बांधलेले असते, तर वाद कशावर घातला असता? रशिया सर्बियाच्या पाठीशी उभा राहिला, पण त्या दोघांतही तसा लष्करी तह नव्हता.

मला सगळ्यांत बोलका वाटतो तो आणखी एक तपशील. जर्मनीनं रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं १ ऑगस्टला, मित्राला वाचवण्यासाठी असं सांगतात. तो मित्र, म्हणजे ऑस्ट्रिया, रशियाविरुद्ध उतरला ६ ऑगस्टला. पाच दिवस उशिरा!

“युद्ध कोणालाच नको होतं.” युरोपव्यापी युद्ध पुष्कळांना नको होतं, हे खरं. पण २८ जूनला साराजेव्होत एका बोस्नियन सर्ब तरुणानं ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड याची हत्या केली आणि ब्रिटन उतरला ४ ऑगस्टला. मध्ये ३७ दिवस गेले. ५ आणि ६ जुलैला बर्लिननं व्हिएन्नाला बिनशर्त पाठिंब्याचा शब्द दिला. ७ जुलैच्या बैठकीत ऑस्ट्रियाच्या मंत्र्यांचा कल स्पष्ट होता: मागण्या अशा ठेवायच्या की सर्बियानं त्या फेटाळाव्यातच. हंगेरीचे पंतप्रधान टिसा यांनी तेव्हा विरोध केला होता, म्हणजे दुसरी वाट कोणाला दिसतच नव्हती असंही नाही. २३ जुलैला ४८ तासांच्या मुदतीचा निर्वाणीचा खलिता गेला. सर्बियानं बहुतेक अटी मान्य केल्या, तरी २८ जुलैला युद्ध पुकारलं गेलं. रशियाच्या झारनं २९ तारखेला संपूर्ण सैन्य जमवण्याचा हुकूम मागे घेतला आणि ३० तारखेला पुन्हा दिला. दोन्ही वेळा हुकूम त्याचाच होता.

त्या मजकुरात तथ्याचा एक अंश आहे, तो मान्य करायला हवा. फ्रान्स आणि रशिया यांची १८९४ पासूनची युती खरोखर लष्करी होती आणि तिच्या भीतीनं जर्मनीची सगळी योजना ‘आधी फ्रान्स’ अशी आखलेली होती. १ ऑगस्टला कैसर विल्हेल्म म्हणाला, सगळं सैन्य पूर्वेकडे वळवू. सेनाप्रमुख मोल्टकेनं सांगितलं, आता ते शक्य नाही. करारांनी वाटा अरुंद केल्या, धीटपणाही वाढवला. पण अरुंद वाटेवरही पाऊल कोणीतरी टाकावंच लागतं. हेच गट १९०८ च्या बोस्निया प्रकरणात होते, १९११ च्या मोरोक्को प्रकरणात होते, १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांतही होते. तेव्हा महायुद्ध झालं नाही, कारण प्रत्येक वेळी कोणीतरी आपल्याच मित्राला आवरलं. १९१४ च्या जुलैत तसं कोणी आवरलं नाही.

‘एकदिलानं लढले’ याबद्दल फार लिहायची गरज नाही. ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्यांना फॉश हा एक समन्वयक सेनानी मिळायला मार्च १९१८ उजाडला, तोही जर्मन हल्ल्यानं आघाडी मोडायची वेळ आल्यावर. दुसऱ्या महायुद्धातली अक्ष राष्ट्रं, म्हणजे जर्मनी, इटली आणि जपान, तर याहून विस्कळीत. मुसोलिनीनं ऑक्टोबर १९४० मध्ये ग्रीसवर हल्ला केला, तो हिटलरला अंधारात ठेवून. जर्मनी जून १९४१ मध्ये रशियावर चालून गेला तेव्हा जपान जागचा हलला नाही, त्याचा रशियाशी एप्रिलपासून तटस्थतेचा करार होता. उलट ब्रिटन आणि अमेरिकेनं पर्ल हार्बरनंतर काही आठवड्यांत संयुक्त सेनाप्रमुखांचं मंडळ उभं केलं आणि आधी जर्मनी, मग जपान हा क्रम पक्का केला. आणि ११ डिसेंबर १९४१ ला हिटलरनं अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारलं, ते कुठल्याही कलमानं भाग पाडलं म्हणून नव्हे. हल्ला जपाननं केला होता आणि या तिघांमधला त्रिपक्षीय करार मित्रावर हल्ला झाला तरच लागू होत होता.

राहिलं शेवटचं वाक्य, गटाबाहेरचे वाचले असते हे. बेल्जियम कुठल्याच गटात नव्हता. त्याच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या तहात मोठ्या सत्तांनी दिली होती, प्रशियानं, म्हणजे पुढच्या जर्मनीतल्या मुख्य राज्यानंही. ४ ऑगस्टला जर्मन सैन्य तिथूनच आत शिरलं. लक्झेंबर्ग तर त्याआधीच व्यापलं होतं.

आणि भारत. भारतानं कोणाशीही तह केला नव्हता. ब्रिटननं युद्ध पुकारलं आणि भारत युद्धात धरला गेला. इथल्या कुठल्याही लोकप्रतिनिधीची संमती त्यासाठी घेतली गेली नाही. दहा लाखांहून अधिक भारतीय समुद्रापार पाठवले गेले, सुमारे ७४ हजार मेले. हे युद्ध युरोपबाहेर पसरलं ते मुख्यतः अशा साम्राज्यांमुळे. ‘ओढले गेले’ हे क्रियापद वापरायचंच असेल, तर ते मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कुत-अल-अमाराच्या वेढ्यात महिनोन्‌महिने उपाशी राहून २९ एप्रिल १९१६ ला तुर्कांच्या कैदेत गेलेल्या शिपायांसाठी वापरा. त्यांच्यात मराठा पलटणीतले लोकही होते.