दाढेतलं रक्त थुंकून टाकू नका, ती गुठळीच जखम भरते

आचऱ्याच्या आमच्या काकीची खालची अक्कलदाढ गेल्या महिन्यात कणकवलीला काढली. दाढ आडवी होती, हिरडी कापून, तुकडे करून काढावी लागली. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं : आज चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही. काकी घरी पोचते तोवर वाडीच्या ग्रुपवर मेसेज येऊन पडला होता, ‘अक्कलदाढ काढल्यावर डॉक्टर सांगत नाहीत ते सहा उपाय’. तिने कागद फडताळात ठेवला आणि मेसेज पाळला. चौथ्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा ती ठणक्याने कान दाबून रडत होती. तोच मेसेज त्यानंतर मला आणखी तीन ग्रुपांवर दिसला. शिकलेली माणसं हात जोडल्याचं चित्र टाकून तो पुढे पाठवतायत. म्हणून हे लिहितोय.

मेसेजचा पहिला उपाय असा : दाढेच्या जागी साचलेलं रक्त अशुद्ध असतं, त्यामुळे पहिल्या दिवसापासून दर तासाला गरम मिठाच्या पाण्याने जोरात चूळ भरा आणि थुंकत राहा. काकी मला विचारत होती, “वायट रगात भायर येवक होया ना रे?”

नको गं काकी. ते रक्त वाईट नसतं. विळीवर बोट कापलं की येतं तेच ते रक्त. दाढ निघाली की हाडात खळगा राहतो, तो रक्ताने भरतो आणि रक्त गोठतं. ती गुठळी हीच त्या जखमेवरची पट्टी. तिने खालचं हाड आणि नसांची टोकं झाकली जातात आणि तिच्याच आधाराने नवं मांस भरत येतं. पहिले २४ तास ती फार कच्ची असते. जोरात चूळ भरली, थुंकलं, विडी ओढली, नळीने काही प्यायलं की ती उचकटते. आपल्याकडे दुखणाईताला शहाळं देतात, तेही नळीने नको, पेल्यात ओतून द्या. लाळेत थेंबभर रक्त मिसळलं तरी वाडगाभर वाटतं, त्याने घाबरून लोक आणखी थुंकतात. त्याऐवजी स्वच्छ गॉजची घडी खळग्यावर ठेवून अर्धा तास घट्ट चावून धरायची. तरीही रक्त वाहतच राहिलं तर डॉक्टरांना फोन करायचा.

गुठळी गेली की हाड उघडं पडतं. याला ड्राय सॉकेट म्हणतात. मी काकीच्या तोंडात टॉर्च मारून पाहिलं. खळगा रिकामा होता, तळाला करडं-पांढरं हाड दिसत होतं आणि काठाला काळसर पूड चिकटली होती. ती मिश्री होती. कारण मेसेजचा दुसरा उपाय हाच : चिमूटभर मिश्री खळग्यात दाबा, रक्त थांबतं आणि जंतू मरतात. मला सगळ्यात जास्त संताप या ओळीचा आला. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला लागणारं रक्त पोचत नाही. तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो हे आता शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. अशी पूड उघड्या हाडावर दाबायला सांगणाऱ्याने स्वतःच्या आईला हे करायला सांगितलं असतं का?

‘ड्राय सॉकेट हा पैसे काढायला शोधलेला नवा आजार’ असंही मेसेजात आहे. हा शब्द १८९६ पासून वापरात आहे. कॉक्रेन ही संस्था जगभरातल्या चाचण्या एकत्र तपासते, तिने २०२२ मध्ये याच दुखण्यावरचा आढावा पुन्हा काढला. साध्या दाढांमध्ये हे शंभरात फार तर ५ जणांना होतं, पण शस्त्रक्रियेने काढलेल्या खालच्या अक्कलदाढेत ते ३० जणांपर्यंत जाऊ शकतं. दाढ काढण्याआधी आणि २४ तास उलटल्यावर क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक औषधाने चूळ भरली तर धोका कमी होतो, असं त्यात आहे. २४ तास उलटल्यावर, हे लक्षात घ्या.

मिठाचं पाणी चांगलं आहे, हे मान्य करायलाच हवं. पण दुसऱ्या दिवसापासून, कोमट, पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून. तोंडात घ्यायचं, मान हळूच कलवायची आणि पाणी आपोआप पडू द्यायचं. मेसेजातल्या लवंग तेलाच्या उपायाचंही अर्धं खरं आहे. काकीला परत नेलं तेव्हा डॉक्टरांनी खळगा सलाईनने धुतला आणि युजेनॉलची, म्हणजे लवंगेतल्याच अर्काची औषधी पट्टी आत ठेवली. पंधरा मिनिटांत तिचा चेहरा सैल झाला. पण पट्टीतलं मोजलेलं औषध वेगळं. मेसेजप्रमाणे बाटलीतलं तेल थेट ओतलं तर हिरडी भाजते.

मेसेजात सांगितलेला गरम विटेचा शेक पहिल्या दिवशी नको. फडक्यात बर्फ गुंडाळून गालाला बाहेरून लावा, पंधरा-वीस मिनिटं लावायचा, मग तेवढाच वेळ थांबायचं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज वाढते, ते साहजिक आहे. त्यानंतरही वाढत गेली, ताप आला किंवा गिळता येईना, तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा. मासे खाल्ले की पू होतो, असंही मेसेज म्हणतो. माशांनी पू होत नाही. काटा आणि कोलंबीचं साल खळग्यात अडकतं, म्हणून पहिले काही दिवस पेज, मऊ भात, नाचणीची आंबील, नंतर काटे नीट काढलेला मासा. आणि दाढ काढली की डोळ्याची नस दुखावते, ही मेसेजातली भीतीही खोटी. डोळ्याची नस दाढेत नसते. दाढेची संवेदना नेणारी नस वेगळी आणि दृष्टीची वेगळी, दाढ काढून कुणाची नजर जात नाही.

काकी आता बरी आहे, पण जे चार दिवसांत निभावलं असतं त्याला तीन आठवडे लागले. मेसेज पाठवणारे भाऊ आमच्या शेजारचेच, काळजीपोटीच त्यांनी पाठवला होता. त्यांच्या मुलीची अक्कलदाढ येत्या सोमवारी काढायची आहे. भाऊ, तो मेसेज आजच ग्रुपवरून काढा आणि पोरीला डॉक्टरांचा कागद वाचून दाखवा.