शिवाजी पेठेतल्या दादांना उत्तर : फोनो, ऑक्स आणि एफएमची वायर

नमस्कार दादा,

स्टिरिओ रिसिव्हरच्या जोडण्यांवरचा (फोनो म्हणजे मागचं रेकॉर्ड प्लेअरचं सॉकेट, ऑक्स म्हणजे इतर उपकरणांचं) माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, 'टर्नटेबल फोनोलाच लावा असं छातीठोक सांगता. आमच्या वडिलांच्या वेळचा प्लेअर फोनोला लावला तर बाबूजींचा आवाज फाटला, ऑक्सला लावला तर झकास. एफएमला वीतभर वायर पुरते, दीड मीटर कशाला? आणि जीएनडीला घराचं अर्थिंग जोडायचं सांगायला विसरलात.'

पहिल्या मुद्द्यात चूक माझी. मी मॅग्नेटिक कार्ट्रिज (कार्ट्रिज म्हणजे सुई धरणारा, तिच्या थरथरीची वीज करणारा भाग) धरून लिहीत होतो आणि तसं सांगायचं राहून गेलं. त्या कार्ट्रिजमधून जेमतेम 3 ते 5 मिलिव्होल्ट निघतात; सीडी प्लेअर 2 व्होल्टपर्यंत देतो. शिवाय रेकॉर्ड कापतानाच खर्ज दाबलेला आणि वरचे स्वर उचललेले असतात. फोनोचं सर्किट आवाज वाढवतं आणि हे पारडंही सरळ करतं. म्हणूनच मॅग्नेटिक कार्ट्रिज ऑक्सला लावलं तर आवाज बारीक येतो, तबला ऐकू येतो पण डग्गा हरवतो.

तुमच्या प्लेअरमध्ये मात्र सिरॅमिक कार्ट्रिज असावं. ते काही शे मिलिव्होल्ट देतं. एवढा जोर फोनोत घातल्यावर आवाज फाटणारच. तुमच्या कानांनी बरोबर पकडलंय, ऑक्सलाच राहू द्या. नव्या टर्नटेबलांत बऱ्याचदा मागे फोनो-लाइन अशी बारकी कळ असते. ती लाइनवर असेल तर तिथेही ऑक्सच. लेखात हे सगळं आता घातलंय.

अर्थिंगचं मात्र करू नका, दादा. रिसिव्हरवरचा जीएनडीचा स्क्रू टर्नटेबलमधून येणाऱ्या सुट्या बारीक वायरसाठी असतो. ती सुटली की स्पीकरमधून सतत घुंssss येतं, जोडली की थांबतं. घराचं अर्थिंग तिथे आणलं तर उलट नवी घुरघुर मागे लागू शकते.

अँटेनाचं तुमचं म्हणणं मला पटत नाही. कोल्हापूर आकाशवाणीचं 102.7 वीतभर वायरवर लागतं, कबूल. पण स्टिरिओला मोनोपेक्षा बराच जोरकस सिग्नल लागतो, तो कमी पडला की गाण्यामागे सुस्स् चालू राहतं. रिसिव्हरवर मोनोचं बटण दाबा. खरखर एकदम कमी झाली तर समजा, वायर अपुरी आहे. आणि दीड मीटर हा आकडा हवेतला नाही. 300 ला 102.7 ने भागलं की लाटेची लांबी येते, 2.92 मीटर. तिचा अर्धा भाग म्हणजे साधारण 1.46, प्रत्यक्ष वायर त्याहून थोडी कमी, 1.4 च्या आसपास, म्हणजे इंग्रजी टी अक्षरासारख्या वायरच्या अँटेनाचा एकेक हात 70 सेंटिमीटर.

माझी टी अँटेना सुरुवातीला लोखंडी कपाटाच्या मागे लोंबत होती आणि मी रिसिव्हरला दोष देत होतो. दोन्ही हात ताणून खिडकीच्या लाकडी चौकटीवर चिकटपट्टीने लावले, तेव्हा बातम्यांमधला निवेदकाचा श्वासही ऐकू यायला लागला. अँटेनाची वायर चपटी, 300 ओहमची असेल आणि मागे गोल 75 ओहमचं सॉकेट असेल, तर मध्ये बालून हा छोटा ट्रान्सफॉर्मर लावा.

गच्चीवर मात्र अर्थिंग केल्याशिवाय अँटेना चढवू नका. वळवाच्या पावसात आपल्याकडे वीज कशी कडाडते, तुम्ही बघताच. आणि प्लेअरच्या कार्ट्रिजवर काही अक्षरं, नंबर दिसले तर तेवढे कळवा, त्याला चालणारी सुई शोधायला मदत करतो.