बंदूक बाजूला ठेवली तरी

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. डोंगरात पायी जाऊन शिकार करणाऱ्या अमेरिकन लोकांच्या तयारीवर मी लिहिलं, ते आपल्या पोरांच्या डोक्यात नको ते भरवणारं आहे, असं तुमचं म्हणणं. दुसरं म्हणजे, सातपुड्यात पावरा आदिवासी माणूस साध्या चपलेवर डोंगर पार करतो, त्याला कसला प्लॅन लागत नाही.

शिकारीबद्दल आपलं भांडणच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सापळा लावणं, रानपाखरांची अंडी फोडणं हीसुद्धा शिकारच. यावल अभयारण्यात शिरायलाही वनखात्याची परवानगी लागते, हत्यार तर लांबच. ‘एक ससा मारला तर काय बिघडतं’ म्हणणारे आपल्याच गावात आहेत. त्यांना झापाल तेव्हा मलाही हाक मारा.

पण त्या लोकांकडून मी उचललंय ते परतीचं गणित. कोलोरॅडोत एल्क नावाचं थोराड हरीण मारतात. मोठ्या नराचं हाडं काढूनही शंभरेक किलो मांस भरतं. पाठीवर एका वेळी तीस-पस्तीस किलो धरलं, तर एकट्याच्या तीन भरलेल्या खेपा आणि मधल्या दोन रिकाम्या. गाडी सहा किलोमीटरवर असेल तर झाली की तीस किलोमीटरची तंगडतोड! तोवर उन्हानं मांस नासायला लागतं. म्हणून शहाणा शिकारी घरीच नकाशावर रेघ मारतो, आणि तिच्या पलीकडे जनावर समोर उभं राहिलं तरी बंदूक उचलत नाही.

आपल्याला मांस आणायचं नाही, मान्य. पण पाय मुरगळलेला साठ किलोचा मित्र आणावा लागला तर? तोरणमाळला सीताखाईच्या दरीत उतरताना सगळे हसत असतात, चढ परतीला असतो. सपाटीला तासाला पाच किलोमीटर आणि दर सहाशे मीटर चढाला एक तास जादा, हा नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा हिशोब. चैताच्या उन्हात मी त्याची दीडपट धरतो.

आता पावरा माणसाचं. त्याचा प्लॅन तुमच्या-माझ्यापेक्षा बारीक असतो, दादा. धडगावकडे एका कोरड्या नाल्यात आमच्या वाटाड्यानं वाळूत हातभर खड्डा केला. पहिलं गढूळ पाणी ओंजळीनं उपसून फेकलं, दुसऱ्यांदा आलेलंही फेकलं, मग निवांत बिडी पेटवली. बिडी संपेस्तोवर तळाला नितळ पाणी. बाटल्या भरून झाल्यावर जनावरांनी तुडवू नये म्हणून त्यानं झिऱ्यावर फांद्या टाकल्या. कोणत्या नाल्याचा झिरा होळीनंतरही टिकतो, मोहाची फुलं पडू लागली की पहाटे अस्वल कोणत्या झाडांखाली येतं, हे त्याला पाठ आहे. रील बघून एक लिटरची बाटली घेऊन निघालेल्या धुळ्या-जळगावच्या पोराला यातलं काय ठाऊक? त्याला चपलेचं उदाहरण देऊ नका, घात होईल.

तुम्ही चोपड्याकडचे दिसता. वैजापूरच्या बाजूला मार्चात पाणी कुठे मिळतं, हे माहीत असेल तर इथेच खाली लिहा. माझ्या यादीत तो पट्टा कोराच आहे.