दुसरा भाग मात्र एक्स्टेंडेडच

मे महिन्यात सोलापुरात दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नसते. सुट्टीला आलेली पुतणी माझ्या कपाटासमोर उभी राहून विचारत होती, "काका, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे हे दोन-दोन डबे कशाला? यातला कुठला लावू?"

या मालिकेत तीन पिक्चर, आणि प्रत्येकाचे दोन अवतार: थिएटरमध्ये लागला तो, आणि वगळलेले प्रसंग परत जोडलेला लांब, म्हणजे एक्स्टेंडेड. माझं मत ठाम आहे. पहिल्यांदा बघणाऱ्याला पहिला आणि तिसरा भाग थिएटरवालाच दाखवावा. एक्स्टेंडेड म्हणजे खरा पिक्चर आणि थिएटरवाला म्हणजे कापलेला, असं माझे मित्र म्हणतात. ते मला मुळीच पटत नाही. तिसऱ्या भागाला, 'रिटर्न ऑफ द किंग'ला, 11 ऑस्कर मिळाली ती थिएटरमधल्या 201 मिनिटांच्या पिक्चरला. त्यात काळी जहाजं काठाला लागतात, शत्रूला वाटतं आपलीच कुमक आली, आणि वरून उडी मारतो तो आपला नायक अ‍ॅरागॉर्न! मागोमाग मेलेल्यांचं हिरवं सैन्य. एक्स्टेंडेडमध्ये ते सैन्य लढायला तयार झालेलं आणि जहाजं अडवलेली आपण आधीच बघून बसतो. मग त्या उडीत उरलं काय? सारुमान या दुष्ट जादूगाराचा शेवट थिएटरवाल्यात नाही, ही खोट मी मान्य करतो. पण तो दुसऱ्या वेळी बघता येतो, आश्चर्य दुसऱ्यांदा मिळत नाही.

पहिल्या भागात गिम्ली हा बुटका योद्धा गॅलाड्रिएल या एल्फ राणीकडे तिचा एक केस मागतो आणि ती तीन देते, हे फक्त एक्स्टेंडेडमध्ये कळतं. फार गोड प्रसंग आहे. शिवाय डिस्क बदलायची वेळ येते ती नऊ जणांची टोळी जमते तिथे, अगदी आपल्या इंटरव्हलसारखी. तरीही पहिल्यांदा नको. गोष्ट आधी पळू दे.

दुसऱ्या भागाचं, 'टू टॉवर्स'चं, तसं नाही. थिएटरवाल्यात फॅरामिर नावाचा सरदार अंगठी घेऊन निघालेल्या फ्रोडोला पकडून फरफटत नेतो आणि आपण त्याच्यावर नुसते चिडतो. एक्स्टेंडेडमध्ये मागची गोष्ट दिसते. त्याने आणि थोरल्या भावाने शहर परत जिंकलंय, पिंपं फुटलीत, भाऊ हसतायत, आणि तेवढ्यात बाप येतो. सगळं श्रेय थोरल्याला. धाकटा म्हणतो, मी जातो कामगिरीवर, तर बाप त्याला हिणवतो. अंगठी सापडल्यावर फॅरामिर जे बोलतो, ते मुळात बापाचं हिणवणं आहे. ही काही मिनिटं काढली की तो माणूसच कळत नाही. माझ्या मते तिन्ही पिक्चरमधली ती सगळ्यात चुकीची काटछाट.

तो भाग लावला तेव्हा आमचे वडील, आप्पाही येऊन बसले होते. त्यांची हयात यंत्रमागावर गेली, इंग्रजीचा गंध नाही, सबटायटल वाचायचा प्रश्नच नाही. बाप धाकट्याकडे पाठ फिरवतो तिथे ते हळूच म्हणाले, "त्या पोराचं चुकलं काय?"

मी घरातला थोरला. पुतणी माझ्या धाकट्या भावाची लेक, आणि तोही तिथेच शेंगा सोलत बसला होता. त्याचा हात थांबला. मला त्याच्याकडे बघवेना.

थोड्या वेळाने आप्पा म्हणाले, "मागं घे जरा. परत लाव ते."