‘त्यांना एकटेपणाची सवयच असते’ हे खरे नाही

कोरोनाच्या टाळेबंदीपासून आमच्या सांगलीत ज्येष्ठांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश पुन्हापुन्हा फिरतो. त्यात म्हटले आहे की समलिंगी असणे हे पुण्या-मुंबईच्या तरुणांचे खूळ असून आपल्याकडे साठीपुढच्या माणसांत असे कोणी नाही. असलेच तर जन्मभर एकटे राहिल्यामुळे त्यांना टाळेबंदी जड गेली नाही. आणि दुःख सगळ्यांनाच झाले, मग यांचे वेगळे कौतुक कशाला?

पहिल्या विधानावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. २०२० साली ज्याला ६५ वर्षे झाली होती, तो ६३ वर्षांचा होईपर्यंत, म्हणजे ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत, २००९ ते २०१३ ही मधली काही वर्षे सोडली तर, भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ खाली त्याचे प्रेम गुन्हाच मानले जात होते. अशा माणसाने लग्न केले, संसार केला आणि तोंड मिटून घेतले, म्हणून तो नव्हताच असे कसे म्हणता येईल? आणि डोक्यावर यल्लम्माचा जग, म्हणजे देवीची टोपली, घेऊन दारी येणारे, देवीला वाहिलेले स्त्रीवेशातले वयस्क जोगते आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. १६ नोव्हेंबर २०२० च्या पाडव्यापर्यंत मंदिरे बंद होती आणि दारेही. त्या आठ महिन्यांत त्यांना जोगवा कोणी घातला?

सवयीचे म्हणणे मात्र मला फार लागले. माझ्या परिचयाचे एक निवृत्त कारकून आहेत. त्यांच्या संमतीनेच हे लिहितो. त्यांचे मित्र तीस वर्षे दर शनिवारी मिरजेहून एस.टी.ने येत आणि दोघे कृष्णेच्या घाटावर भडंगाची पुडी मध्ये ठेवून अंधार पडेपर्यंत बसत. त्यांचे एकटेपण घरात होते, घाटावर नव्हते. टाळेबंदीने घाट काढून घेतला आणि घर तेवढे ठेवले. दोन खोल्यांत पाच माणसे, मोबाईल नातवाच्या शाळेला, त्यामुळे बोलायचे ते गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे. मित्राला दवाखान्यात दाखल केल्यावर यांनी तिथे फोन केला, तेव्हा ‘आपण कोण?’ या प्रश्नाला ‘मित्र’ एवढेच उत्तर देता आले, आणि घरच्यांना फोन करायला सांगा, असे म्हणून तो ठेवला गेला. मृत्यूची बातमी मित्राच्या पुतण्याच्या स्टेटसवर कळली. त्या रात्री ते सगळ्यांबरोबर ताटावर बसले, कारण न जेवण्याचे कारण सांगता येणार नव्हते. ना सुतक, ना दहावा, ना कोणी भेटायला आले. पुढे झोप उडाली, तिचे औषध रक्तदाबाचे म्हणून चालू झाले.

दुःख सगळ्यांनाच झाले हे मान्यच आहे. परंतु विधवेला रडताना पाहून शेजारीण दारात येते, इथे रडणेच लपवावे लागले. हेल्पलाइनला फोन करा, हा सल्लाही अशा घरात निरुपयोगी ठरतो, कारण ती मोठ्याने बोलून वापरावी लागते.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये लैंगिक कलावरून भेदभाव करण्यास मनाई आहे. शिवाय साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून कोणाही प्रौढ व्यक्तीला आपला प्रतिनिधी नेमता येते, ती नातेवाईकच हवी असे नाही. या गृहस्थांना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी मित्राच्या आजारात तो कागद चालला असता का, एवढेच विचारले. तो मानसिक उपचारांपुरताच आहे, असे मला सांगावे लागले.