राणीच्या काळातलं घर, एजंटच्या काळातला रंग

इंग्लंडातल्या रेडिंगमधलं आमचं पहिलंवहिलं घर व्हिक्टोरिया राणीच्या काळात उभं राहिलं, तेव्हा तिकडे पुण्यात लोकमान्य ‘केसरी’चे अग्रलेख लिहीत होते आणि इकडे आमच्या गल्लीतली माणसं हंटली अँड पामर्सच्या कारखान्यात बिस्किटं भाजायला जात होती. त्या कामगारांसाठी बांधलेल्या, भिंतीला भिंत लागलेल्या एका घराचे हप्ते आता मी म्हातारा होईपर्यंत भरणार. व्हिडिओ कॉलवर बाबा म्हणाले, “एवढा जुना वाडा असला तर आपल्याकडे बिल्डर नवा फ्लॅट देतो, वर भाडंही देतो. तू उलटे पैसे मोजतोयस?”

“बाबा, आतून सगळं नवीन केलंय!”

नवीन म्हणजे करडं. भिंती करड्या, गालिचा करडा, स्वयंपाकघरातली कपाटं करडी. फायरप्लेस बुजवून तिथे सुगंधी मेणबत्त्या मांडलेल्या. संडास मुळात मागच्या अंगणात. पुढे कुणीतरी स्वयंपाकघरामागे खोली वाढवून बाथरूम काढली. त्यामुळे आंघोळीला जायचं ते फोडणीतून.

मग घराची तपासणी करणारा सर्व्हेअर आला. त्याने ओल मोजायचं यंत्र भिंतीला टेकवताच ते असं किंचाळलं की एजंटला तातडीचा फोन आला. त्या काळच्या भिंती नऊ इंची, भरीव विटांच्या, चुन्यात बांधलेल्या. ओल शोषायची आणि हळूहळू बाहेर सोडायची, हा त्यांचा धर्म. नूतनीकरणवाल्याने वर जिप्समचा गिलावा आणि प्लास्टिक पेंट चढवून त्यांचं नाकतोंड दाबलेलं. बाकी जाडजूड अहवालात ठाम असं एकच वाक्य: तज्ज्ञाकडून तपासून घ्यावं. जमीन? गालिचा असल्याने दिसली नाही. छप्पर? शिडी पोचली नाही. बिल मात्र बरोबर पोचलं.

खरेदीची कायदेशीर बाजू पाहणाऱ्या सॉलिसिटरबाईंनी त्याहून भारी गोष्ट काढली. इथल्या काही जमिनींच्या मालकावर गावातल्या जुन्या चर्चच्या दुरुस्तीचा खर्च पडू शकतो, मध्ययुगापासून. वॉरिकशायरमध्ये शेत असलेलं एक जोडपं असा दावा थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या इथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढलं आणि 2003मध्ये हरलं. मंडळाच्या गणपतीची वर्गणी शिताफीने चुकवत आलेल्या मी निमूटपणे चर्चचा विमा काढला.

इंग्लंडात मालक ‘हो’ म्हणाला तरी सह्या केलेल्या करारांची अदलाबदल होईपर्यंत त्या ‘हो’ला कवडीची किंमत नाही, कुणी जास्त बोली लावली की तो हसतमुखाने फिरतो. म्हणून बायकोने बजावलं, “तोवर कुणाला सांगायचं नाही हं.” संध्याकाळी नागपूरच्या मावशींचा अभिनंदनाचा फोन. बायको म्हणाली, “मावशी काय ‘कुणी’ आहे?”

पहिल्या हिवाळ्यात खिडकीखालचा रंग पापडासारखा फुगला. शेजारचे आजोबा चहाला आले होते. त्यांनी फुगवट्याकडे जुन्या मित्राकडे पाहावं तसं पाहिलं.

“आला का हा? विकायच्या आधी प्रत्येकजण रंगवतो त्याला. मागच्यांनी करडा दिला, त्याआधीच्यांनी पिवळा. तुम्ही कुठला देणार?”